प्रतिकारशक्तिवर्धक उपचार आणि बालकांचे श्वसनविकार

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजेच १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, दक्षिण भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड व पोलादपूर हे दोन तालुके वसलेले आहेत. सावित्री व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या येथील वाड्यांवर पावसाळ्याचे चार महिने झड लागलेली असते. घरांत ओल असते, आणि जेथे चूल पेटते तेथे धूरही आतच कोंडतो. अशा दिवसांत लहान मुलांना सर्दी-खोकला होणे ही नित्याचीच बाब होय. मूल वारंवार आजारी पडू लागले म्हणजे ‘त्याची प्रतिकारशक्ती वाढेल असे काही द्या’ अशी मागणी पालक करतात, आणि ती पुरविणारी औषधेही बाजारात मिळतात. या औषधांनी नेमके काय साधते व काय साधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे निरोगी मुलाच्या बाबतीतही स्वाभाविक आहे. ही बहुधा विषाणुजन्य असते व आपोआप बरी होते. न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसदाह, ही मात्र निराळी अवस्था होय. तीत फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात, श्वास जलद होतो, आणि वेळीच प्रतिजैविक न मिळाल्यास बालक दगावू शकते. पहिल्या प्रकारावर उपयोगी पडणारा उपाय दुसऱ्यापासूनही रक्षण करील, असे गृहीत धरण्यास आधार नाही. या विषयातील बराचसा गोंधळ हा भेद न पाळल्यामुळे झालेला आहे.

प्रतिकारोत्तेजक औषधांपैकी ज्यांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, ती जिवाणूंच्या अर्कापासून तयार होतात. ‘ओएम-८५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्कात श्वसनमार्गात आढळणाऱ्या आठ जातींच्या जिवाणूंचे २१ वाण मारून व विघटित करून एकत्र केलेले असतात. हा अर्क पोटात घेतला असता आतड्याच्या अस्तराखालील प्रतिकारपेशी त्याला ओळखतात, आणि तेथे उत्तेजित झालेल्या पेशी पुढे श्वसनमार्गाच्या अस्तरापर्यंत पोहोचतात, अशी यामागील उपपत्ती आहे. ‘पिडोटिमोड’ हे रासायनिक पद्धतीने बनविलेले औषधही याच वर्गात मोडते.

देल-रिओ-नावारो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोक्रेन संस्थेसाठी केलेल्या समीक्षणाची सुधारित आवृत्ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत निष्क्रिय औषधाशी तुलना करणाऱ्या ३५ चाचण्यांतील ४,०६० बालकांची माहिती एकत्रित केलेली आहे. या उपचारांनी श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गांचे प्रमाण सरासरीने सुमारे ४० टक्के घटल्याचे दिसले. तथापि अनेक चाचण्यांचा दर्जा सामान्य होता व त्यांच्या निष्कर्षांत मोठी तफावत होती, असेही समीक्षकांनी नमूद केले. पुढे २०१९ साली युरोपीय औषध संस्थेने या अर्कांची पुनर्तपासणी केली. वारंवार होणाऱ्या श्वसनसंसर्गांच्या प्रतिबंधासाठी ते वापरावेत, मात्र न्यूमोनियाच्या प्रतिबंधासाठी वापरू नयेत, असा निर्णय तिने दिला. ज्या व्याधीने बालकाच्या जिवाला धोका संभवतो, तिच्याविरुद्ध या औषधांचा भरवसा धरता येत नाही, हाच या निर्णयाचा इत्यर्थ होय.

मग अनेक पालकांना गुण आल्याचा अनुभव का येतो? मूल उपचारासाठी आणले जाते ते बहुधा त्याच्या सर्वांत वाईट काळात, आणि त्यानंतरचा काळ औषधाविनाही काहीसा बरा जाण्याचाच संभव अधिक असतो. श्रावणात सुरू केलेल्या औषधाचे श्रेय पुष्कळदा कोरड्या हवेचे असते. शिवाय वय वाढेल तसतसे संसर्ग आपोआप कमी होत जातात. यास्तव तुल्य गटाशी तुलना केल्याविना औषधाचा गुण सिद्ध होत नाही. अशी तुलना केवळ महानगरांतील मोठ्या रुग्णालयांतच शक्य असते असे नाही. महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे यदृच्छेने दोन गट करून एकास प्राझोसिन व दुसऱ्यास प्राझोसिनसह प्रतिविष दिले. दहा तासांत पहिल्या गटातील ३५ पैकी ८, तर दुसऱ्यातील ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले. हा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्तिवर्धक उपचारांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

महाराष्ट्रात पुष्य नक्षत्रावर बालकांना दिले जाणारे सुवर्णप्राशन याच संदर्भात विचारात घ्यावे लागते. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सोने पाण्यात उगाळून मध व तुपासह चाटविण्याचा विधी सांगितला आहे, आणि बुद्धी, अग्नी व बल यांची वृद्धी हे त्याचे फल मानले आहे. ग्रंथातील उल्लेखाने विधीची प्राचीनता सिद्ध होते. न्यूमोनियाचा प्रतिबंध सिद्ध होण्यास नियंत्रित चाचणीच लागते. एक वर्षाखालील बालकास मध देणे मात्र निश्चितपणे टाळावयास हवे, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून बोट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो.

पोषक द्रव्यांची स्थिती संमिश्र आहे. दिल्लीच्या एका झोपडवस्तीत ६ ते ३० महिने वयाच्या सुमारे अडीच हजार बालकांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज जस्त दिल्याने न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने घटले. उलटपक्षी, काबूल येथे तीन हजारांवर अर्भकांना दर तीन महिन्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देऊनही न्यूमोनिया कमी झाला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. जेथे आहारातच उणीव आहे तेथे ती भरून काढणे फलदायी ठरू शकते. परंतु कोणतेही जीवनसत्त्व अधिक दिल्याने प्रतिकारशक्ती त्या प्रमाणात वाढते, असे नव्हे.

विशिष्ट रोगजंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण करण्याचा सिद्ध मार्ग लसीकरणाचा होय. पंचगुणी लशीतील हिब घटक सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात दिला जातो. न्यूमोकोकसविरुद्धची संयुग्म लस भारताच्या सार्वत्रिक कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व महाराष्ट्रात २०२१ साली सुरू झाली. तिच्या मात्रा सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दिल्या जातात. गोवराची लसही येथे महत्त्वाची, कारण गोवरानंतरचा न्यूमोनिया घातक ठरतो. या लशी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. पहिले सहा महिने केवळ स्तनपान देणे हाही तितकाच सिद्ध उपाय होय.

इतके करूनही काही बालकांना न्यूमोनिया होणारच. अशा वेळी त्याची ओळख किती लवकर पटते, यावर सर्व अवलंबून असते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ५८ गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांकरवी न्यूमोनियाचे निदान व उपचार करविले. तेथील न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांपेक्षा निम्म्याहून कमी असल्याचे १९९० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. निदानाचे साधन अगदी साधे आहे: बालक शांत असताना एक मिनिट श्वास मोजणे. दोन महिन्यांखालील बालकात ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा अधिक, व एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास भरल्यास तो जलद समजावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध वा पाणी न घेणे, किंवा ग्लानी येणे ही गंभीर लक्षणे असून अशा बालकास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे.

महाड-पोलादपूरसारख्या प्रदेशात या ज्ञानाचे मोल अधिक आहे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले. त्याच वेळी महाड तालुक्यात तळिये येथे, तर पोलादपुरात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. ज्या दिवसांत खोकला बळावतो त्याच दिवसांत येथील वाटा बंद होतात. तेव्हा वाडीवरील आईला व आशा कार्यकर्तीला श्वास मोजता येणे, लसीकरण पावसाळ्यापूर्वी पूर्ण असणे, आणि प्रतिजैविक जवळच्या उपकेंद्रात उपलब्ध असणे, यांवर बालकाचे जीवित अवलंबून राहते. सर्दीचे प्रमाण कमी करणाऱ्या औषधास आपले मर्यादित स्थान आहे. त्याच्या भरवशावर लस चुकली किंवा जलद श्वासाकडे दुर्लक्ष झाले, तर मात्र जी शक्ती वाढवावयाची तिचाच ऱ्हास होईल.