प्रक्षेपणतळावरची माणसे

30 ऑगस्ट 1983 च्या उत्तररात्री, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा वादळी पाऊस नुकताच ओसरत असताना, ‘चॅलेंजर’ यान काळोख उजळीत आकाशात चढले, तेव्हा त्याच्या उदरात आपला ‘इन्सॅट-1बी’ होता. आणि तो उपग्रह नेमक्या ठिकाणी सोडून त्याचा माग ठेवता यावा म्हणूनच शटलचे ते पहिले रात्रीचे उड्डाण योजावे लागले होते. दुसऱ्या दिवशी ज्या पथकाने तो कक्षेत सोडला, त्यातले गियॉन ब्लुफर्ड हे वैमानिकी अभियांत्रिकीचे डॉक्टर आणि अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पुढे आमच्या पंचायतीच्या ओट्यावर मांडलेल्या एकुलत्या दूरदर्शन-संचापुढे सारा गाव दाटीवाटीने बसू लागला, तेव्हा या उपग्रहावरून येणाऱ्या चित्रामागे ब्लुफर्डांचाही हात आहे हे मी भेटेल त्याला सांगत असे, आणि तेव्हा जडलेला हा छंद चाळीस वर्षे उलटली तरी सुटलेला नाही.

या छंदापायी मी कृष्णवर्णीय अंतराळवीरांवर लिहू लागलो. परंतु आरंभीच्या माझ्या लेखांत एक उणीव होती, आणि ती आजही या विषयावर लिहिणाऱ्या बहुतेकांच्या लेखनात मला दिसते. अंतराळवीर म्हणजे प्रक्षेपणाचे फळ. त्याचे मूळ जमिनीत असते, तारांच्या जुडग्यांत, टाक्यांच्या जोडांत, गणकयंत्राच्या खोलीत असते. आमच्यातले काही विद्वान असे ठासून सांगतात की, अग्निबाणाला वर्ण कळत नाही, गणित बरोबर असले की तो चढतो, तेव्हा तेथे वर्णाचा प्रश्न काढणेच अप्रस्तुत. अग्निबाणाला वर्ण कळत नाही हे मलाही मान्य आहे. पण तळाच्या फाटकाला तो कळत होता, उपाहारगृहाला कळत होता, भाड्याने मिळणाऱ्या घराला आणि बढतीसाठी भरणाऱ्या शिक्षणवर्गाला कळत होता. ज्या प्रांतात चवदार तळ्याचा संगर झाला, त्या प्रांतातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यास 83 वर्षे लोटल्यावर, 1956 साली, ज्युलियस माँटगोमेरी नावाचा अलाबामाचा एक तरुण केप कॅनव्हेरलच्या तळावर नोकरीस लागला. टस्कीगी संस्थेत शिकलेला, हवाई दलात नोकरी केलेला, रेडिओचा प्रथम श्रेणीचा परवाना बाळगणारा हा गृहस्थ त्या तळावर झाडूवाला किंवा हमाल म्हणून नव्हे तर तंत्रज्ञ म्हणून घेतलेला पहिला कृष्णवर्णीय. आरसीए कंपनीकडे क्षेपणास्त्रांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेचा ठेका होता, आणि ती यंत्रणा दुरुस्त करीत राहणाऱ्या मंडळींना तेथे ‘रेंज रॅट’ म्हणत. ज्या परगण्यात हा तळ वसला होता, त्याच परगण्यात 1951 च्या नाताळच्या रात्री हॅरी मूर या नागरी हक्कांच्या पुढाऱ्याचे घर बाँबने उडवून त्यांचा बळी घेतला गेला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी हा तरुण रोज सकाळी त्या फाटकातून आत जाऊ लागला.

पहिल्याच दिवशी तो प्रयोगशाळेत एकेकापुढे जाऊन आपले नाव सांगत हात पुढे करू लागला. एकानेही तो हात हातात घेतला नाही. अगदी शेवटच्या माणसाने तर, गोऱ्या माणसाशी बोलण्याची ही रीत नव्हे, असे सुनावले. माँटगोमेरींनी त्याच क्षणी असे बोचरे आणि विनोदी उत्तर दिले की तो गृहस्थ खळखळून हसला, आणि हसता हसता त्याने हात मिळवला. हा प्रसंग त्यांनी स्वतः उतारवयात सांगितला आहे.

त्याहून मला मोठा वाटतो तो 1958 सालचा प्रसंग. तळावरच्या कामगारांना संध्याकाळी पदवीचे शिक्षण मिळावे म्हणून जेरोम कूपर या भौतिकशास्त्रज्ञाने एक अभियांत्रिकी महाविद्यालय काढावयाचे ठरविले, त्यासाठी सरकारी शाळेच्या खोल्या मागितल्या, आणि पहिल्याच तुकडीत माँटगोमेरींचे नाव होते. परगण्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने स्पष्ट कळविले की काळा विद्यार्थी घेतला तर इमारत मिळणार नाही. कूपर माँटगोमेरींकडे आले. त्यांनी सारी अडचण सांगितली. आणि माँटगोमेरींनी महाविद्यालय निघावे म्हणून आपली दरखास्त मागे घेतली. तीन वर्षांनी, 1961 साली, ते त्याच महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले, आणि 1969 साली फ्लोरिडातल्या मेलबर्न शहराच्या नगरसभेवर निवडून आले. ते महाविद्यालय आज फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने प्रसिद्ध आहे. या माघारीला दुबळेपणा म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांनी कधी दाराबाहेर तीन वर्षे उभे राहून पाहावे.

नासाच्या लँगली केंद्रातल्या गणिती स्त्रियांविषयी, कॅथरिन जॉन्सन, डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन यांच्याविषयी, त्यांच्यावरचा चित्रपट आल्यापासून इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालीत नाही. परंतु क्लीव्हलँडच्या ॲनी ईझली यांचे नाव त्या गर्दीत मागे पडते याची मला खंत वाटते. 1955 साली वर्तमानपत्रात दोन जुळ्या बहिणींच्या गणकाच्या नोकरीविषयी वाचून त्या दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रयोगशाळेत अर्ज घेऊन गेल्या, आणि सुमारे 2500 माणसांच्या त्या संस्थेत चौथ्या कृष्णवर्णीय कर्मचारी ठरल्या. हाताने आकडेमोड करण्यापासून फोरट्रान भाषेत आज्ञावल्या लिहिण्यापर्यंत त्यांचा प्रवास झाला, आणि त्या आज्ञावल्यांपैकी काही ‘सेंटॉर’ या वरच्या टप्प्यासाठी होत्या. सेंटॉरचे इंधन उणे 253 अंशांवर राहणारा द्रव हायड्रोजन. त्याच्या टाकीचा पोलादी पत्रा इतका पातळ की आतला दाब गेला तर टाकी स्वतःच्या भाराने चेपून जावी. 1962 सालचे त्याचे पहिलेच उड्डाण स्फोटात संपले, काम क्लीव्हलँडला आले, आणि त्याच सेंटॉरवर पुढे व्हायकिंग, व्हॉयेजर आणि कॅसिनी गेले. या बाईंचे सहकाऱ्यांसमवेत काढलेले एक छायाचित्र प्रदर्शनासाठी मोठे करून लावले, तेव्हा त्यातून त्यांचा तेवढा भाग कापून टाकला होता. पदवीच्या वर्गांची फी इतरांना दप्तरातून मिळे, यांना नाकारली गेली; त्यांनी ती स्वतः भरली आणि 1977 साली गणिताची पदवी घेतली.

वरच्या अधिकारपदांचा इतिहास भराभर सांगून टाकतो, कारण तो सर्वत्र छापलेला सापडतो. आयझॅक गिलम यांनी ‘डेल्टा’ अग्निबाणाचा कार्यक्रम सांभाळला आणि 1978 साली ड्रायडन केंद्राचे प्रमुखपद मिळविले. चार्ल्स बोल्डन 2009 ते 2017 नासाचे प्रशासक होते. व्हनेसा वाइच 2021 साली जॉन्सन केंद्राच्या संचालक झाल्या. यांपैकी गिलम मला विशेष प्रिय, कारण आपला ‘इन्सॅट-1ए’ 1982 साली गेला तो डेल्टावरूनच.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख हाती घेतला, त्याच्याकडे वळतो. क्लाइड फॉस्टर हे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे, लोखंडाच्या ओतशाळेत राबणाऱ्या कामगाराचे पुत्र. 1957 साली हंट्सव्हिलच्या लष्करी क्षेपणास्त्र खात्यात गणिती म्हणून लागले, आणि 1960 साली व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्यासह ते खाते नासाकडे गेले तेव्हा मार्शल केंद्रात आले. प्रक्षेपमार्गाची गणिते हे त्यांचे दिवसाचे काम. पुढे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचा अंमल आला. अलाबामाची अपकीर्ती इतकी झाली होती की तेथे यावयास अभियंते राजी होत ना, आणि अखेर लुइझियानाच्या सदर्न विद्यापीठातून मॉर्गन वॉटसन आदी सात कृष्णवर्णीय विद्यार्थी आणावे लागले, ज्यांच्या मनावर आपण चुकलो तर साऱ्या जातीवर ठपका येईल हे ओझे सतत होते. अशा ठिकाणी एका वरिष्ठाने फॉस्टरना फर्मावले की, अमक्या गोऱ्या सहकाऱ्याला शिकवून तयार करा, तो पुढे तुमचाच वरिष्ठ होईल. त्यांनी साफ नकार दिला, तक्रार वरपर्यंत नेली, आणि बढतीचे जे शिक्षणवर्ग काळ्यांना बंद होते तसेच वर्ग अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात भरवून घेतले. तेथेच पुढे संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम उभारण्यात त्यांचा पुढाकार होता.

नव्या लेखकांकडून हल्ली माझ्याकडे विचारणा येते ती ‘पहिला कोण’ एवढ्याच यादीची. 2025 साली नासाने, चंद्रावर पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय वा अन्य वर्णाची व्यक्ती उतरवू, हे आपले वचन आपल्याच मजकुरातून काढून टाकले, तेव्हा त्या यादीत भर पडणार नाही म्हणून हळहळणारे अनेक निघाले. माँटगोमेरी आणि ईझली यांना ज्या दारातून आत यावे लागले ते दार आज किती उघडे आहे, हे विचारणारा मला त्यात भेटला नाही. याच माणसांना मी ट्रायानाची गोष्ट सांगतो.

फॉस्टर राहत ते ट्रायाना हे टेनेसी नदीकाठचे कृष्णवर्णीयांचे खेडे, हंट्सव्हिलपासून थोड्याच अंतरावरचे. जवळच चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाची एंजिने गरजत, आणि या खेड्यात नळाचे पाणी नव्हते. जुनी कागदपत्रे चाळताना फॉस्टरना आढळले की एकोणिसाव्या शतकात ट्रायानाला गावाची सनद होती, आणि ती केवळ न वापरल्यामुळे निद्रिस्त झाली आहे. त्यांनी खटपट करून 1964 साली ती पुन्हा जिवंत केली, स्वतः महापौर झाले आणि ते पद वीस वर्षे सांभाळले. सनद मिळाल्यामुळे गावाला सरकारी मदतीचा हक्क आला. दिवसा केंद्रात काम आणि संध्याकाळी गावच्या दप्तरात अर्ज, असा त्यांचा क्रम राहिला, आणि त्या अर्जांतून ट्रायानाला पाण्याचे नळ आणि रस्त्यावर दिवे आले.