काळ्या विद्येचे घराणे आणि त्याचा वाडा

अद्भुत कथांमध्ये दुष्ट जादूगारांची जी घराणी येतात, त्यांना वडिलोपार्जित वाडा असावाच लागतो. एकटा जादूगार गुहेत राहू शकतो, स्मशानात राहू शकतो. आपल्या जुन्या गोष्टींतल्या राक्षसाचा प्राण तर सात समुद्रांपलीकडच्या पोपटातही सुखाने राहतो. पण जादू वंशपरंपरेने चालू लागली, वतनासारखी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, की तिला भिंती लागतात, देवडी लागते, कुलूपबंद खोली लागते. हा वाडा कथेत नेमके काय काम करतो आणि तो आपल्याला परका का वाटत नाही, याचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे. विषय मुलांच्या पुस्तकांतला म्हणून श्रोत्यांनी तो हलका समजू नये. वाटणी, वारसा, बहिष्कार आणि गुप्तधन या गोष्टी ज्या गावात कधीच बोलल्या गेल्या नाहीत, असे गाव जुन्नर-आंबेगावात आम्हाला तरी ठाऊक नाही.

या वाड्याचा विलायती पूर्वज १७६४ सालचा आहे. त्या वर्षी होरेस वॉल्पोल याने 'ओट्रांटोचा किल्ला' ही कादंबरी लिहिली. बापाने अन्यायाने मिळविलेले घर मुलानातवांना लाभत नाही, हे तिचे सूत्र. पुढे १८३९ मध्ये एडगर ॲलन पो याने अशर घराण्याची कथा लिहिली. तीत घराण्याला आणि घराला लोक एकाच नावाने ओळखतात आणि दोन्ही एकाच रात्री कोसळतात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण 'घर' याच शब्दापासून 'घराणे' केले आहे, आणि सोयरीक जुळविताना 'घर कसे आहे' असे विचारतो तेव्हा विटामातीची चौकशी करीत नाही.

अलीकडच्या काळात या प्रकारचा सर्वांत नावाजलेला वाडा म्हणजे जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील ब्लॅक घराण्याचे लंडनमधील घर. मालेतील पाचव्या पुस्तकात, २००३ मध्ये, ते प्रथम दिसते. ग्रिमॉल्ड प्लेस या गल्लीत अकरा क्रमांकाचे घर आहे आणि तेरा क्रमांकाचे आहे. मधले बारावे कोणाला दिसत नाही. ज्याला त्याचा पत्ता अधिकाऱ्या माणसाकडून कळला असेल त्याच्यासाठीच दोन घरांच्या मधून ते बाहेर येते. आत शिरताच जिन्याच्या भिंतीवर जुन्या नोकरांची मुंडकी ओळीने टांगलेली आहेत. हे नोकर मानवाहून निराळ्या, ठेंगण्या जातीचे असून पिढ्यान्‌पिढ्या एका घराला बांधलेले असतात. म्हातारा होऊन चहाचे तबक उचलेनासा झाला की नोकराचे डोके उडवून भिंतीवर लावायचे, ही त्या घरची रीत. दिवाणखान्यात वंशवृक्ष विणलेला एक भलामोठा पडदा आहे आणि घराण्याचे ब्रीद आहे 'सदैव शुद्ध'. ज्याने जादूगार नसलेल्या कुळाशी सोयरीक केली, किंवा घराण्याच्या मताविरुद्ध वर्तन केले, त्याचे नाव त्या पडद्यावरून जाळून टाकलेले आहे. घराचा शेवटचा वारस सिरियस हा सोळाव्या वर्षी घर सोडून पळाला, म्हणून त्याच्याही नावाच्या जागी एक जळके भोक आहे. आणि त्याच्या मृत आईची तसबीर ओसरीवर अशा मंत्राने चिकटविली आहे की ती कोणाला काढता येत नाही. जरा आवाज झाला की ती किंचाळू लागते: घराची अब्रू गेली, हीन रक्ताचे लोक आत आले.

या वर्णनातील कोणती गोष्ट खरोखर जादूची आहे? अदृश्य दरवाजा सोडला तर फार थोडी. नाव जाळण्याची जादू आपल्याकडे मंत्रतंत्राशिवाय होत असे. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण काडीमोडीच्या अर्थाने वापरतो. परंतु धर्मशास्त्रातील त्याचा मूळ अर्थ निराळा आहे. जातीतून काढावयाच्या माणसाच्या नावाने, तो जिवंत असताना, त्याचेच नातलग पाण्याचा घट उपडा करीत आणि तेव्हापासून तो मेला असे मानीत. त्या विधीत आणि जळक्या पडद्यात आम्हाला तरी फरक दिसत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले आणि घरच्यांनाही त्यांना थारा देणे अवघड करून ठेवले. वाळीत टाकण्याची ही रूढी इतकी चिवट निघाली की तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकास उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळाची नावे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात आली असेल. तेथे नाव जाळावे लागत नाही. लेकीचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते.

'सदैव शुद्ध' या ब्रीदाला दिलेले एक उत्तर तर आपल्या शेजारीच आहे. जुन्नर तालुक्यातील पारगाव हे तर्फ आळे. त्या आळ्याला रेड्याची समाधी आहे, आणि यात्रेला जाणाऱ्यांपैकी सर्वांना तिची कथा पाठ असते. पण ती सुरू कोठे होते हे बहुतेक विसरतात. विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून आळंदीने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांना शुद्धिपत्र आणावयास पैठणला जावे लागले. तेथे शुद्धाशुद्धाचा वाद चालला असता ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, अशी ही आख्यायिका आहे. चमत्कार कोणी मानावा न मानावा. परंतु विद्या रक्तातून येते असे म्हणणाऱ्या पंडितांपुढे त्या कथेने एक जनावर उभे केले, आणि लोकांनी त्या जनावराला समाधी बांधून दिली. ब्लॅक घराण्याच्या दिवाणखान्यात ही गोष्ट कोणी सांगितली असती तर ती तसबीर किती किंचाळली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

त्या घराचा म्हातारा नोकर क्रीचर याच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमच्या मते सगळ्या वाड्याची किल्ली तोच आहे. तो घाणेरडा, पुटपुटणारा, जुन्या मालकिणीची तळी उचलणारा असा प्रथम दिसतो. सिरियस स्वतः चांगला माणूस. जुलमी घराविरुद्ध बंड केलेला. पण या नोकराला तो लाथाडतो. त्याचा परिणाम असा की नोकर शत्रूला जाऊन मिळतो आणि सिरियस प्राणाला मुकतो. पुढे घर हॅरीकडे येते. ते खरेच त्याच्याकडे आले की रक्ताच्या नात्याने एखाद्या दुष्ट बहिणीकडे गेले, हे कळावयास एकच कसोटी असते: नोकर त्याची आज्ञा पाळतो की नाही. म्हणजे दस्तऐवजावर घर मिळाले तरी गडीमाणसांनी मानल्याशिवाय मालकी पुरी होत नाही. शेवटच्या पुस्तकात, २००७ मध्ये, हॅरी त्याच्याशी माणुसकीने वागतो तेव्हाच घरातले खरे गुपित बाहेर पडते. ते गुपित कोणत्याही कुलूपबंद खोलीत नव्हते. नोकराच्या पोटात होते आणि त्याला कोणी विचारले नव्हते. आपल्या वाड्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सरदारांची दप्तरे जपली गेली. पाणक्यांचे आणि मोलकरणींचे दप्तर कोठे नाही.

मराठीत या प्रकारचा वाडा आणला तो प्रामुख्याने नारायण धारप यांनी. १९२५ ते २००८ हा त्यांचा जीवनकाल. 'समर्थ' या त्यांच्या नायकाने दुष्ट शक्तींशी दिलेले लढे वाचनालयांतून फाटेस्तोवर वाचले गेले. त्यांनी इंग्रजीतून पुष्कळ घेतले हे खरे. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या कादंबरीवरून आहे, तशीच 'आजी' ही कथाही किंग यांच्याच एका कथेवरून. पण माजघरातला काळोख त्यांनी मराठी केला, आणि ते काम भाषांतराहून अवघड आहे.

हीच 'आजी' पुढे एका चित्रपटात शिरली. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात आला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर अधिकच चालला. तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यात जगबुडीच्या काठचे गाव, श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी १९८७ ची. चित्रपटाची कथा मात्र अगदी निराळी आहे. त्यातील वाड्याची काही दृश्ये सासवडच्या सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्यात घेतली आहेत.

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत जाते. समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा हस्तर. त्याला सोने हवे आणि धान्यही हवे. धान्यावर हात टाकताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचविले, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. तुंबाडच्या घराण्याने सोन्याच्या लोभाने त्याचे देऊळ बांधले, आणि तेव्हापासून गावावर शापाचा पाऊस पडत राहिला. वाड्यातल्या विहिरीतून खाली देवीच्या गर्भात उतरावयाचे, भुकेल्या हस्तरापुढे कणकेची बाहुली टाकावयाची, आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतील मोहरा ओढून पळावयाचे, हा विनायकाचा धंदा. तो आपल्या मुलाला, पांडुरंगाला, हा धंदा तालमीसारखा शिकवितो.

येथे जादू म्हणजे मंत्र नव्हे. उतरण्याची युक्ती आणि किती घ्यावे याचा अंदाज. म्हणून ही कथा आम्हाला विलायती कथांहून आपल्या मातीतली वाटते. शापित माणसाला सोने मिळते आणि धान्य मिळत नाही, ही कल्पना दुष्काळ पाहिलेल्या मुलखालाच सुचावी. १९४७ साली पारतंत्र्य जाते आणि वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, तेव्हा बापलेक शेवटचा मोठा हात मारावयास उतरतात आणि सगळेच बिनसते. मरणोन्मुख बाप लंगोटी पुढे करतो. मुलगा ती घेत नाही. कथेत असे नकार सोपे दिसतात. कोकणातली खोती मात्र कोणा वारसाच्या नकाराने गेली नाही. तिच्यासाठी १९४९ चा कायदा लागला.

आता तळघराकडे वळू, कारण भीतीचा खरा ठाव तेथे आहे. पेंढाऱ्यांच्या आणि धामधुमीच्या काळात पेढीवर विश्वास नव्हता. म्हणून नाणी हंड्यात घालून भिंतीत, बळदात, चुलीखाली पुरीत. ठेवणारा अचानक मेला की ठाव त्याच्याबरोबर जाई. पुढच्या पिढीला एवढेच माहीत, की घरात काही तरी आहे. तेथून धनावरचा नाग येतो, पायाळू माणसाला धन दिसते ही समजूत येते. बंद पेवात किंवा जुन्या तळघरात उतरलेला माणूस तडकाफडकी पडतो, हेही खोटे नाही. कोंडलेल्या धान्यामुळे तेथील प्राणवायू संपतो, जड कर्बवायू तळाशी साचतो, आणि उतरणारा दोन-चार श्वासांतच बेशुद्ध होतो. त्याला काढावयास गेलेला दुसराही पडतो. गाव म्हणते, राखणदाराने दोन बळी घेतले. जुने लोक पेव उघडून वारा खेळू देत आणि उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहत, तो विझला तर थांबत. आज त्या दिव्यावरही सर्वस्वी विसंबू नये. काही विषारी वायू दिवा विझविण्याआधीच माणसाला विझवितात.

या समजुती कथेत राहिल्या तर करमणूक आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रियांचे आणि लहान मुलींचे जे खून झाले, ते गुप्तधन आणि संतती यांच्या लोभाने दिलेले बळी होते असा आरोप खटल्यात होता. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. गुप्तधन शोधण्याच्या निमित्ताने अघोरी कृत्ये करणे, त्यासाठी नरबळीला चिथावणी देणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले आहेत.

राहता राहिला प्रश्न असा, की पडक्या वाड्याची भिंत पाडताना खरेच हंडा निघाला तर काय करावे. त्याला मांत्रिक लागत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की सापडविणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावयाचे, ठेवा जमा करावयाचा किंवा त्याची हमी द्यावयाची. मग जाहीर सूचना निघते. मूळ ठेवणाऱ्याचा वारस पुढे आला नाही, आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर चारातील तीन हिस्से सापडविणाऱ्याचे, एक मालकाचा. कळविले नाही तर त्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.