बाहुलीच्या झरोक्यातून

इंदुरातील आमच्या मंडळाच्या सभागृहात एका रविवारी मधुमेही मंडळींसाठी नेत्रतपासणीचे शिबिर भरले होते. गणेशोत्सवात ज्या खोलीत नटमंडळी रंग लावतात, तीच खोली खिडक्यांवर जाड चादरी टाकून काळोखी केली होती. आत एक खुर्ची, एक संगणक आणि एका तरुण तंत्रज्ञ मुलीच्या हातात जाडसर दुर्बिणीएवढा कॅमेरा. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, छायाचित्र घेणारे यंत्र एवढेसे असू शकते, याचे आम्हांला नवल वाटले.

आमच्या घरातील माई 72 वर्षांच्या. मधुमेह जडल्याला 20 वर्षे झाली. पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवतात. "मला सगळे नीट दिसते, मग डोळ्यांचे फोटो कशाला?" असे कुरकुरतच त्या खुर्चीत बसल्या.

पहिले चित्र उमटले. नारिंगी वर्तुळ, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या आणि एका कडेला काळी चंद्रकोर. आमच्या मनात चर्र झाले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "नहीं अंकलजी, यह बीमारी नहीं है, मेरा हाथ सरक गया।" आणि तिने पुन्हा नेम धरला. त्या चंद्रकोरीने आमच्या मनात जे कुतूहल जागवले, त्यातूनच हा लेख लिहीत आहोत.

डोळा ही एक अंधारकोठडी आहे आणि तिला झरोका एकच : बाहुली. आतले पाहायचे तर उजेडही तेथूनच आत जायचा आणि दृश्यही तेथूनच बाहेर यायचे. 1851 साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने आपले नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले, तेव्हा जिवंत माणसाचे दृष्टिपटल वैद्यांना पाहता येऊ लागले. परंतु डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवरून उजेड परावर्तित होई आणि त्या चकाकीत आतले दृश्य हरवून जाई. स्वीडनच्या गुलस्ट्रांडने (डोळ्यातील प्रकाशमार्गाच्या अभ्यासाबद्दल ज्याला 1911 चे नोबेल पारितोषिक मिळाले) यावर तोड काढली. उजेडाची जाण्याची वाट आणि दृश्याची येण्याची वाट बाहुलीतच वेगवेगळी करायची! याच तत्त्वावर 1926 मध्ये झाइस कंपनीचा कॅमेरा तयार झाला. आजही अशा कॅमेऱ्यांत बहुधा उजेडाचे कडे बाहुलीच्या काठाकाठाने आत जाते आणि चित्र मधल्या भागातून बाहेर येते.

आता अडचण ध्यानी येईल. अवघ्या काही मिलिमीटरांच्या बाहुलीत या दोन्ही वाटा बसवायच्या. कॅमेरा किंचित बाजूला सरकला, की कडे बुबुळावर अडते आणि चित्राच्या कडेला काळी कोर उमटते. फार जवळ वा फार दूर गेला, तर पांढुरके धुके पसरते. टेबलावरील मोठ्या यंत्राला हनुवटी टेकण्याची बैठक असते, कपाळाला पट्टा असतो. हातातल्या यंत्राला आधार तो हाताचाच.

म्हणूनच त्या मुलीची रीत आम्ही बारकाईने पाहिली. तिने माईंची खुर्ची भिंतीला लावून डोके मागे टेकवले. खोलीत काही मिनिटे अंधार ठेवला, म्हणजे बाहुली आपोआप मोठी होते. नेम धरण्यासाठी या यंत्रात डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण असतात, त्यामुळे बाहुली आकसत नाही; झगझगीत उजेड फक्त चित्र घेण्याच्या क्षणी पडतो. तिने एका हाताची बोटे माईंच्या कपाळावर टेकवून त्यावर यंत्र तोलले आणि अंगठ्याने वरची पापणी अलगद उचलली. आधी दुरून बाहुली मधोमध आणली, मग सरळ रेषेत हळूहळू पुढे सरकली. वर्तुळ सगळीकडून सारखे उजळले तेव्हा क्षणभर श्वास रोखून तिने कळ दाबली. कोर नाहीशी झाली होती.

परंतु एवढ्याने काम संपत नाही. असे छोटे कॅमेरे एका वेळी साधारण 40 ते 45 अंशांचाच भाग टिपतात. वाड्याच्या बंद दाराच्या कुलपाच्या भोकातून आत पाहिले, तर समोरचे तुळशीवृंदावन दिसते. कोपऱ्यातला आड पाहायचा तर भोकाशीच राहून डोळा तिरपा करावा लागतो. येथेही तसेच. "माताजी, ऊपर देखिए, अब नीचे," असे ती सांगत होती. रुग्णाने वर पाहिले की पडद्याचा वरचा भाग दिसतो, खाली पाहिले की खालचा. मात्र नजर वळली की बाहुली समोरून लंबगोल दिसू लागते, झरोका अरुंद होतो. म्हणून दर वेळी नेम नव्याने साधावा लागतो. मग हे तुकडे एकमेकांना जोडून विस्तृत चित्र तयार होते, गोधडीचे तुकडे जोडावेत तसे. एक तुकडा काळा राहिला, तर गोधडीला तेथे भोकच!

एकाच झेपेत सारा पडदा टिपता येईल काय? या प्रश्नामागे एका बापाचे दुःख आहे. स्कॉटलंडच्या डग्लस अँडरसन यांच्या लहानग्या मुलाचा, लीफचा, पडदा सुटल्याचे वेळीच ध्यानात आले नाही आणि त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. मुलांनाही सोसेल अशी तपासणी हवी, या ध्यासातून 1992 साली ऑप्टोस ही कंपनी उभी राहिली. तिच्या यंत्रात लंबवर्तुळाकार आरसा असतो. अशा आरशाला दोन नाभी असतात; एकीतून निघालेला किरण आरशावर आदळून दुसरीतून जातो. दुसरी नाभी नेमकी बाहुलीच्या जागी आणली, की किरण झरोक्यातून चहूकडे फिरतो आणि डोळ्याच्या मध्यापासून मोजलेले 200 अंशांचे क्षेत्र एकदम टिपले जाते. पण येथेही चेहरा जरा चुकीचा ठेवला, तर नाभी बाहुलीवर येत नाही, आणि पापण्यांचे केस चित्राच्या खालच्या भागावर सावली धरतात. यंत्र लहान असो वा मोठे, नेम काही चुकत नाही.

माईंच्या चित्रात काय निघाले? डाव्या डोळ्यात, माई वर पाहत असताना घेतलेल्या तुकड्यात, रक्ताचे दोनतीन बारीक ठिपके होते. दुखणे नाही, धूसरपणा नाही. मधुमेह पडद्यावर आपली पावले अशी मुकाट्याने उमटवतो. डॉक्टरांनी पुढे बाहुली औषधाने मोठी करून सविस्तर तपासणी केली. रोग आरंभीचाच होता. साखर आणि रक्तदाब काबूत ठेवून ठरलेल्या वेळी पुन्हा दाखवण्यास सांगितले. ते कोरीचे चित्रच 'ठीक आहे' म्हणून पुढे गेले असते आणि वर-खाली पाहण्याचा कंटाळा केला असता, तर हे ठिपके दडूनच राहिले असते.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. घरात मधुमेही असेल, तर दिसते चांगले म्हणून स्वस्थ बसू नका. वर्षातून एकदा तरी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, पडद्याची तपासणी करून घ्या. तंत्रज्ञ दहादा "हलू नका" म्हणाला, तरी रागावू नका. चित्र स्वच्छ आले का, सगळ्या बाजूंचे आले का, हे निःसंकोच विचारा. जो भाग दिसलाच नाही, तो निरोगी आहे असे समजू नका. औषधाने बाहुली मोठी करावी लागली, तर काही तास डोळे दिपतात. त्या दिवशी वाहन चालवू नका, घरचे कोणी सोबत न्या. आणि चित्र कितीही सुंदर आले, तरी ते डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही.

माई हल्ली सुईत दोरा ओवताना म्हणतात, "त्या मुलीचा हात माझ्यापेक्षा स्थिर बरे का!" आम्हांला वाटते, याहून मोठी शाबासकी तिला दुसरी नसावी.