चौकट : रोबो जिंकला नाही तरी सर्वोच्च पुरस्कार

अमेरिकेत डीन केमेन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची रोबोटिक्स स्पर्धा 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये 28 संघांनिशी सुरू झाली. मैदानावर गुण रोबो मिळवतात; पण तिथला सर्वांत मोठा मान म्हणजे ‘इम्पॅक्ट अवॉर्ड’. पूर्वी तो ‘चेअरमन्स अवॉर्ड’ म्हणून ओळखला जाई. संघाने आपल्या परिसरात काय बदल घडवला, नव्या संघांना कसा हात दिला, हे तिथे पाहतात. संघ आधी लेखी निबंध देतो, मग तीनपर्यंत विद्यार्थी परीक्षकांपुढे बसून बाजू मांडतात. प्रशिक्षकाला मधे एक शब्दही बोलता येत नाही! जागतिक फेरीत हा मान मिळवणारा संघ ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जातो.

मला स्वतःला याच स्पर्धेतला ‘वुडी फ्लॉवर्स’ पुरस्कार अधिक भावतो. एमआयटीतले प्राध्यापक फ्लॉवर्स (निधन 2019) यांच्या नावाचा हा पुरस्कार 1996 पासून मार्गदर्शकांना दिला जातो. त्यासाठी नाव सुचवतात ते विद्यार्थीच, आपल्या शिक्षकाविषयी निबंध लिहून. शिकवणाऱ्याचं मोल शिकणाऱ्यांनी ठरवावं, ही पद्धत आपल्याकडच्या शालेय स्पर्धांनीही उचलावी. दहावी-अकरावीतल्या मुलामुलींसाठी ‘डीन्स लिस्ट’ हा पुरस्कार आहे. यंत्ररचना, प्रोग्रॅमिंग यांची बक्षिसं वेगळी. पहिल्याच वर्षी उतरलेल्या नवख्या संघांसाठीही खास पुरस्कार राखून ठेवलेले असतात.