एका मिनिटासाठी ७२० चित्रं! अ‍ॅनिमेशन शिकताना कलाकारांची लेक्चर्स नेमकी कशासाठी?

कळंब (जि. यवतमाळ) : इथल्या चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या उतरून जमिनीच्या खाली जावं लागतं. दर बारा वर्षांनी गंगा वर येते आणि गणपतीच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. माझा मामेभाऊ कळंबचाच, सध्या पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकतो. सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी त्याने हेच वर येणारं पाणी निवडलं. फिल्म फक्त एका मिनिटाची. पण दीड महिना झाला तरी एकही चित्र नाही. वही मात्र भरलेली, कॉलेजात येणाऱ्या कलाकारांच्या लेक्चरच्या नोट्सनी.

दिवाळीत मामांनी मलाच पकडलं. "तू इंजिनीअर झाला, तूच सांग बाबू. हा पोट्टा शिकते का नुसते भाषणं आयकते?"

फी मामा भरतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

आधी गणित

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका मिनिटाला ७२०. त्याआधी स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांतून मांडलेली गोष्ट. मग अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे तीच चित्रं आवाजासोबत वेळेत बसवून पाहणं. पुढे महत्त्वाच्या पोझची 'की' चित्रं आणि शेवटी त्यांच्या मधली. सॉफ्टवेअर यात मदत करतं. पाणी कसं हलावं, हे मात्र ठरवावं लागतं.

मग लेक्चर कशाला?

आपल्याकडे हे शिक्षण सुरूच झालं ते एका पाहुण्या कलाकारापासून. १९५६ मध्ये डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटला शिकवायला आले. शिकणाऱ्यांत राम मोहन होते. त्यांची पदवी रसायनशास्त्राची! (आम्हा इंजिनीअर लोकांना हे वाचून बरं वाटतं.) १९५७ मध्ये या युनिटची 'द बनियन डियर' आली. म्हणजे शिकवणं आणि फिल्म करणं सोबतच चाललं होतं.

पुढे जे. जे.मधून उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव राम मोहन यांच्याच स्टुडिओत काम करताना अ‍ॅनिमेशन शिकल्या. काडेपेट्यांवरच्या चित्रांत रमणाऱ्या एकट्या म्हातारीची त्यांची 'प्रिंटेड रेनबो' २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गौरवली गेली.

घोळ इथेच होतो. कलाकार सांगतो ते काम संपल्यावर. आधी कल्पना, मग स्केच, मग फिल्म, असं सगळं ओळीत लागलेलं. काम चालू असताना ते तसं नसतं. भाऊ नोट्समधल्या पायऱ्या क्रमाने चढायला बघत होता आणि पहिल्याच पायरीवर 'परफेक्ट कल्पना' शोधत बसला होता.

फाळकेंचा वाटाणा

त्याला हलवलं ते एका लेक्चरमधल्या जुन्या किश्श्याने. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी, महिनाभराहून जास्त काळ कॅमेऱ्यात टिपली. 'अंकुराची वाढ' ती हीच. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. फाळके आधी रोप बघत बसले होते, हे भावाला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो तीन सकाळी मंदिराच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "दादा, पाणी वर येतंय असं काढायचंच नाही. एकेक पायरी कमी करायची."

मग पाच की चित्रं एका रात्रीत झाली. त्यातली दोन नंतर फेकली, कारण पायऱ्या सारख्या वेगाने बुडत होत्या आणि पाणी लिफ्टसारखं वाटत होतं. आता तळाशी पाणी रेंगाळतं, वर येताना वेग घेतं आणि शेवटच्या पायरीपाशी थबकतं.

बातमी लिहिताना १९० चित्रं झाली आहेत. मामा हल्ली फोनवर फीबद्दल बोलत नाहीत. किती पायऱ्या राहिल्या, एवढंच विचारतात.