सेन्सर केवढा, त्यावर ठरते लेन्स : कॅमेरा घेण्याआधी हे समजून घ्या

आमली (सिल्वासा) : लग्नाचा हंगाम सुरू झाला की दादरा-नगर हवेलीत आणि पलीकडे तलासरी-डहाणूत फोटोग्राफरना उसंत मिळत नाही. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. फोन ५० मेगापिक्सेलचा आहे, मग २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्याहून महाग लेन्स कशाला? याचं उत्तर मेगापिक्सेलमध्ये नाही, सेन्सरच्या आकारात आहे.

माप किती?

लेन्समधून आलेला उजेड ज्या चिपवर पडतो, तो सेन्सर. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मि.मी.चा असतो. हे माप जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांचं. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या जर्मनीच्या लायका कॅमेऱ्याने सिनेमाची ३५ मि.मी. फिल्म वापरून ते रूढ केलं. क्रॉप सेन्सर, म्हणजे एपीएस-सी, साधारण २३.५ × १५.६ मि.मी.चा. कॅननचा त्याहून किंचित लहान. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर बऱ्याचदा ९.८ × ७.३ मि.मी.च्या आसपास. म्हणजे फुल-फ्रेमचं क्षेत्रफळ फोनच्या सुमारे १२ पट.

एफ नंबर सारखा, उजेड कमी

फोनवर एफ १.८ लिहिलेलं असतं आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवरही. पण एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले छिद्राची रुंदी. २४ मि.मी.च्या लेन्सएवढं दृश्य टिपायला फोनच्या लहान सेन्सरला जेमतेम ७ मि.मी.ची लेन्स पुरते. तिचं छिद्र ४ मि.मी.हून कमी भरतं. फुल-फ्रेमवर तेच छिद्र १३ मि.मी.चं होतं. एकाच शटर स्पीडला फोटो सारखाच उजळ दिसेल, पण मोठ्या सेन्सरवर एकूण उजेड १२ पट पडलेला असेल.

रात्री अंगणात तारपा वाजतोय, माणसं फेर धरून नाचतायत आणि उजेडाला एकच बल्ब आहे, अशा वेळी हा फरक कळतो. नाचणारी पावलं हलू नयेत म्हणून शटर जलद ठेवावा लागतो, तिथे लहान सेन्सरच्या फोटोत दाणे दिसू लागतात. फोन अनेक फोटो जोडून ते झाकतो, पण हलत्या माणसांवर ही युक्ती पूर्ण चालत नाही. लग्नात नवरा-नवरीमागची गर्दी धूसर होते, तीही मुख्यतः मोठ्या छिद्रामुळेच. फोनचा पोर्ट्रेट मोड ती हिशोबाने रंगवतो, म्हणून कधी कधी मुंडावळ्यांची कड खाल्ली जाते.

मोठी लेन्स जड का?

लेन्स सेन्सरवर गोल प्रतिमा पाडते. फुल-फ्रेमचे चारही कोपरे भरायला ४३ मि.मी. व्यासाचा गोल लागतो, एपीएस-सीला साधारण २८. गोल मोठा झाला की कडेपर्यंत चित्र स्वच्छ ठेवायला मोठ्या आणि जास्त काचा घालाव्या लागतात. वजन आणि किंमत तिथे वाढते.

लहान लेन्स करणं सोपं असतं, असं मात्र नाही. फोनमधला ५० मेगापिक्सेलचा एक पिक्सेल साधारण १.२ मायक्रॉनचा, तर २४ मेगापिक्सेल फुल-फ्रेमचा ६ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून फोनच्या इवल्याशा लेन्समध्ये चुकीला जागा फारच कमी उरते. त्यात फोन पातळ हवा असतो, त्यामुळे सेन्सर वाढवला की मागे कॅमेऱ्याचा उंचवटा वाढतो.

सातमालियात क्रॉप बरा

सातमालियाच्या अभयारण्यात हरणं लांब उभी असतात. एपीएस-सीवर २०० मि.मी.ची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ३०० मि.मी.एवढं जवळचं दृश्य देते. एफ २.८ ला ३०० मि.मी.च्या लेन्सचं तोंड किमान १०७ मि.मी. रुंद लागतं, २०० ला ७१ पुरतं. दिवसा उजेड भरपूर असतो, तेव्हा हलकी लेन्स परवडते. संध्याकाळ झाली की मोठा सेन्सर पुढे जातो.

जुनी लेन्स घेताना

मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा ओळखीतून जुनी लेन्स घेताना आधी ती कोणत्या सेन्सरसाठी आहे ते पाहा. निकॉनवर डीएक्स, कॅननवर ईएफ-एस किंवा आरएफ-एस असेल, तर ती क्रॉपसाठी. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण कॅमेरा कडा कापतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. उलट, फुल-फ्रेमची लेन्स त्याच माउंटच्या क्रॉप बॉडीवर चालते, फक्त दृश्य अरुंद होतं.

बजेट बेताचं असेल, तर क्रॉप बॉडी घेऊन पैसे एफ १.८ च्या चांगल्या लेन्सवर लावावेत. पुढे फुल-फ्रेमवर जायचं पक्कं असेल, तर लेन्स आत्ताच फुल-फ्रेमची घ्यावी. बॉडी बदलली तरी ती बदलावी लागत नाही.