दीड महिन्याच्या डोसबरोबर आईचीही साखर तपासा

गरोदरपणात चढलेली साखर बाळंतपणानंतर बहुतेकींची आपोआप उतरते. घरचे निर्धास्त होतात, फाईल कपाटात जाते. माझ्या मते खरी काळजी इथून पुढे घ्यायची असते.

बाळाला पोसणारी वार काही संप्रेरकंही तयार करते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि बाळाला साखर भरपूर मिळते. सहाव्या-सातव्या महिन्यात हा ताण बराच वाढतो. बहुतेकींचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवून निभावून नेतं; जिचं कमी पडतं, तिची साखर चढते. वार पडली की ताण संपतो, पण स्वादुपिंडाची कमजोरी राहते आणि पुढे वय, वजन वाढलं की उघडी पडते. 2020 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात अशा स्त्रियांना टाइप 2 मधुमेहाचा धोका इतर स्त्रियांच्या जवळपास 10 पट आढळला. गरोदरपणी रक्तदाब चढलेल्यांनाही पुढे हा धोका जास्त असतो, हे तर फार कमी घरांत माहीत असतं.

‘ही तर बारीक, हिला कसली शुगर?’ असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993पासून जवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. वजनकाट्यावर ते कळत नाही.

म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तपासणी करायची. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं. पुढचे दोन तास काही न खाता तिथेच बसायचं, मग रक्त द्यायचं. 140च्या आत आकडा आला तर ठीक. 140 ते 199 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. 200 किंवा वर म्हणजे मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

ही तपासणी राहून का जाते? डोंबिवलीची सून सातव्या महिन्यात साताऱ्याला किंवा रत्नागिरीला माहेरी जाते. साखरेची नोंद ठेवणारे डॉक्टर इकडे, बाळंतीण तिकडे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर मात्र वेळेवर हजर. बाळाचा दीड महिन्याचा डोस कुणी चुकवत नाही, आणि तपासणीची वेळही नेमकी तीच! त्याच दिवशी आजीने बाळाला सांभाळावं, आईने ग्लुकोज प्यावं. माहेरी जाताना फाईल सोबत न्यावी. परत आल्यावर कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठून पुढची तपासणी कधी, ते विचारावं.

पहिला आकडा चांगला आला तरी दरवर्षी तपासायचं. उंबरठ्यावर असाल तर खाणं सांभाळणं, रोजचं चालणं आणि वजन उतरवणं यांनी खूप फरक पडतो. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांचा धोका तीन वर्षांत जवळपास निम्मा झाला. अंगावर पाजण्याचाही फायदा होतो. पुन्हा दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना मागची साखर सांगायची.